आठ माणसांच्या जेवणातले गोड

प्रश्न : नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी रात्री आमच्याकडे पाच पाहुणे जेवायला येणार आहेत, सासूबाईंसह आम्ही तिघे धरून एकूण आठ माणसे होतील. पोळ्या, भरली वांगी, मसालेभात, टोमॅटोचे सार, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा असा बेत ठरला आहे, मात्र गोड काय करावे हे ठरत नाही. गाजरहलवा, श्रीखंड, कॅरॅमल कस्टर्ड आणि फ्रूट सॅलड अशी नावे मनात आहेत. पाहुण्यांपैकी दोघे अंडे खात नाहीत आणि एका काकांना मधुमेह आहे. मी शनिवारीही कामावरून संध्याकाळी सहाला घरी पोहोचते. मैत्रीण म्हणते की सरळ दुकानातून गुलाबजाम आणावेत, पण विकतचे गोड पाहुण्यांना वाढणे सासूबाईंना पटत नाही. शिवाय गोड पानातच वाढावे की जेवण झाल्यावर द्यावे, याविषयीही कृपया सांगावे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : गोडाचा पदार्थ एकटा निवडता येत नाही, पानात त्याच्या आधी काय पडणार आहे आणि तो करायला आपल्या हाताशी नेमका कोणता वेळ आहे, या दोन गोष्टींवरून तो ठरतो. आपल्या बेतात भरल्या वांग्यांचे तेल आणि दाण्याचे कूट आहे, मसालेभातावर तूप आहे, आणि सार, मठ्ठा व कोशिंबीर अशा आंबट चवीही आहेत. म्हणून तुपकट गोड जड होईल, आणि आंबटसर गोड त्याच चवींच्या रांगेत जाऊन बसेल. त्यातच आपण सहाला घरी पोहोचणार असल्याने, जे आदल्या दिवशी करून ठेवता येईल आणि वाढायच्या वेळी ज्याला पुन्हा शेगडी लागणार नाही, तेच निवडावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

या कसोटीवर आपल्या यादीतले बरेच पदार्थ गळतात. कॅरॅमल कस्टर्डमध्ये अंडे असते, तेव्हा त्याचा विचार सोडून द्यावा. फ्रूट सॅलड आदल्या दिवशी करून ठेवले तर फळांना पाणी सुटते आणि केळी काळी पडतात. गाजरहलव्याला लागणारी लाल, रसाळ गाजरे थंडी चांगली पडल्यावर, डिसेंबर-जानेवारीत उत्तम मिळतात, शिवाय हलवा गरम वाढावा लागतो आणि या बेतावर तो जड होतो. श्रीखंड मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, पण त्याला सोबत पुरी हवी, म्हणजे पाहुणे बसल्यावर आपण कढईपाशी उभ्या; आणि मठ्ठ्यासोबत पुन्हा दह्याचाच पदार्थ होईल.

माझ्या मते आपण सीताफळाची बासुंदी करावी. नोव्हेंबरात सीताफळे अजून बाजारात असतात, पुण्याला ती सासवड-पुरंदरच्या बाजूने भरपूर येतात, आणि हा पदार्थ थंडच वाढायचा असतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ऐनवेळी फळे नीट पिकली नाहीत, तरी तयार असलेल्या बासुंदीत थोडी साखर वाढवून, चारोळी आणि किंचित जायफळ घालून ती तशीच वाढता येते, म्हणजे आपला बेत फळांवर अडून राहत नाही.

आठजणांसाठी 2 लिटर मलईदार दूध घ्यावे. शुक्रवारी रात्री ते जाड बुडाच्या पसरट कढईत मध्यम आचेवर ठेवून निम्म्याहून थोडे अधिक उरेपर्यंत आटवावे. याला तासभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. कडेला धरलेली साय उलथन्याने सोडवून पुन्हा दुधातच ढवळत राहावी आणि बूड लागू देऊ नये, कारण करपल्याचा वास एकदा दुधात उतरला की तो कशानेही जात नाही. गार झाल्यावर बासुंदी आणखी दाट होते, म्हणून थोडी पातळ असतानाच आच बंद करावी. साखर शेवटी घालावी. सीताफळ मुळातच गोड असल्यामुळे सपाट 5 ते 6 मोठे चमचे साखर पुरते. वेलदोडा आणि केशर मात्र घालू नये असे मी सुचवेन, कारण सीताफळाचा वास नाजूक असतो आणि या दोन्हींखाली तो दबून जातो.

फळे साधारण दीड किलो घ्यावीत. त्यांतून अर्धा किलोच्या आसपास गर निघतो. ती चार दिवस आधी घट्टसर असतानाच आणून घरात कागदात गुंडाळून ठेवावीत. कच्ची फळे फ्रीजमध्ये ठेवल्यास काळी पडतात आणि धड पिकत नाहीत. पिकलेल्या फळांचा गर मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने चोळून काढावा, मिक्सर वापरू नये. सीताफळाच्या बियांचा आतला भाग विषारी असतो, म्हणून बी फुटून गरात मिसळेल अशी कोणतीही पद्धत टाळलेलीच बरी. हे बसून करण्याचे, सावकाशीचे काम आहे. शनिवारी दुपारी ते सासूबाईंवर सोपवावे, म्हणजे घरचे गोड वाढण्याच्या त्यांच्या इच्छेला त्यांचाही हात लागेल. गर फ्रीजमधल्या पूर्ण गार बासुंदीतच कालवावा. तो गरम दुधात घातला किंवा शिजवला तर कडवटपणा येतो. एका दिवाळीत घाई करून मी कोमट दुधात गर घातला होता, आणि दोन लिटर दुधाची ती बासुंदी कोणालाही खाता आली नाही.

काकांसाठी वेगळी ‘बिनसाखरेची’ वाटी करू नये. आटवलेल्या दुधात आणि सीताफळातही साखर असतेच, त्यामुळे त्या नावाने दिलेली वाटी त्यांची फसवणूक ठरेल. सर्वांनाच लहान वाट्यांत वाढावे, शेजारी पेरूच्या फोडी ठेवाव्यात आणि काय किती घ्यायचे हे त्यांच्यावर सोडावे. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा भाग मानला जातो हे मला मान्य आहे, परंतु ज्याला पथ्य आहे त्याला चारचौघांत नकार द्यायला लावणे हा पाहुणचार नव्हे. सुकामेवा कोणाला चालत नसेल, याची फोनवर आधीच चौकशी करून चारोळी-पिस्ते वेगळ्या वाटीत ठेवावेत.

राहिला वाढण्याचा प्रश्न. आपल्या रीतीप्रमाणे गोड पानातच वाढतात आणि जेवणाचा शेवट ताकभाताने होतो. पुरणपोळीला किंवा पुरीसोबतच्या बासुंदीला तेच योग्य आहे. येथे पुरी नाही आणि वांग्याच्या मसाल्याशेजारी सीताफळाचा स्वाद कळणारही नाही, म्हणून पाने उचलल्यावर वीसेक मिनिटांनी बासुंदी द्यावी. मठ्ठ्यावर लगेच दूध घेणे अनेकांना रुचत नाही. सार आहेच, तेव्हा मठ्ठा वगळला तरी चालेल. वाढायच्या वाट्या मात्र अर्धा तास आधी फ्रीजमध्ये ठेवण्यास विसरू नये.