ऑटोमॅटिक पिकअपचं गिअर ऑइल

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक पिकअप ८५ हजार किलोमीटर चालली आहे. द्राक्षांचे क्रेट घेऊन महिन्यातून चार-पाच वेळा कसारा घाट होतो. गॅरेजवाले म्हणतात, गिअर ऑइल ‘लाइफटाइम’ असतं. बदलावं का? आणि ड्रेन केलं तर चारच लिटर निघतं, बाकीचं कुठं राहतं?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : बदलाच, आणि फिल्टरसकट. घाट चढताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑइल घुसळून तापतं. त्या उष्णतेनंच ते लवकर खराब होतं. उरलेलं ऑइल कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. दहा लिटर मावणाऱ्या गिअरबॉक्समधून चार निघालं, तर ४० टक्केच नवं झालं. हजारभर किलोमीटरनं पुन्हा चार बदललं की ६४ टक्के. इतके दिवस न बदललेल्या गिअरबॉक्सला मशीननं प्रेशर फ्लश (दाबानं ऑइल ढकलून सफाई) करू नका. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअर बदलण्यासाठी ऑइल वळवणाऱ्या बारीक वाटांत, अडकतो.

आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच ड्रेन उघडा. नाहीतर ऑइल खाली आणि भरायला वाट नाही! निघालेलं ऑइल मापून ठेवा. पॅन (गिअरबॉक्सखालचा ऑइलचा ट्रे) काढल्यावर त्यातली चुंबकं बघा: बोटाला लागणारा करडा, मऊ लेप चालतो, टोचणारे कण दिसले तर काम थांबवून गिअरबॉक्स तपासून घ्या. जुन्या फिल्टरची ओ-रिंग (रबरी कडी) बऱ्याचदा वर भोकातच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसवली तर फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो, ऑइल फेसाळतं आणि गिअर घसरतो. पॅनचे बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमानं, टॉर्क रेंचनंच (ठरावीक जोरानं आवळणारा पाना) आवळा. जोर लावला की पत्रा वाकतो आणि गॅस्केट गळू लागते.

ऑइल गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचंच घ्या. जेवढं निघालं तेवढं भरा. खरी चूक होते ती लेव्हल बघताना. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून सावकाश फिरवा आणि ‘पी’वर आणा. सपाट जागी, पुस्तकात दिलेल्या तापमानाला (बहुतेक गाड्यांत ४० अंशांच्या आसपास) लेव्हल बोल्ट उघडा. बारीक धार थांबून थेंब पडू लागले की लगेच बोल्ट लावा. तापलेलं ऑइल फुगतं. ७० अंशांना तपासलंत तर गार झाल्यावर कमी पडेल. म्हणून मे महिन्यात हे काम सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना करा. ऑइलचं तापमान गाडीला जोडायच्या स्कॅनरवर वाचा, हात लावून अंदाज नको.