वाचक विचारतात : मोठी करेक्टर लेन्स घरी होईल का?

प्रश्न : सर, मी खानापूरचा. ८ इंची आरसा घासून झाला, आता कॅटाडायऑप्ट्रिक, म्हणजे आरसा आणि लेन्स दोन्ही असलेली दुर्बीण करायलोय. पुढची करेक्टर, म्हणजे आरशाचा दोष काढणारी लेन्स, खिडकीच्या काचेतनं जमेल का?

उत्तर : आरसा तुम्ही स्वतः घासलाय म्हणजे अर्धं काम झालंय की! पण आरशात उजेड काचेत शिरत नाही, लेन्समधनं आरपार जातो, त्यामुळं काचेच्या आतल्या रेषासुद्धा नडतात, म्हणून बीके-७ सारखी ऑप्टिकल काचच घ्या, महाग पडली तरी. दुर्बिणी बनवणाऱ्या श्मिटनं १९३० च्या सुमारास केलेली पातळ करेक्टर प्लेट दिसायला साधी, पण तिचा वक्र घरी आणणं फार अवघड. मॅक्सुतोव्ह प्रकारच्या करेक्टरला जाड, खोलगट काच लागते. मी हॉटन प्रकारचा करेक्टर सांगेन, दोन लेन्स, सगळे पृष्ठभाग गोलाकार, आणि सिमेट्रिक डिझाइन घेतलं तर एकीचा फुगीर भाग दुसरीच्या खोलगट भागावर ठेवून उजेडाचे पट्टे बघत तपासता येतो.

खरी मेख वेजची, म्हणजे पाचरीसारख्या कमीजास्त जाडीची. लेन्सची कड एकीकडं जाड राहिली तर ताऱ्याला रंगीत शेपूट फुटतं. बेळगावात उद्यमबागेत मशीनशॉपवाल्यांकडं डायल गेज असतोय, लेन्स तीन टेकूंवर फिरवत कडेची जाडी मोजा आणि जाड बाजूला जरा जास्त दाब देऊन घासा. हे सगळं बारीक पावडरवर जायच्या आधी, पॉलिशला लागल्यावर काही करता येत नाही.