'विध्रुवण' आणि 'आकुंचन'

प्रश्न असा आहे: हृदयाच्या विद्युत आलेखाविषयी (ईसीजी) वाचताना 'निलयांचे विध्रुवण' असा शब्दप्रयोग आढळला (निलय म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे), त्यात ध्रुव कोठून आले, 'वि' म्हणजे 'विशेष' का, आणि विध्रुवणाऐवजी सरळ 'आकुंचन' म्हटले तर काय बिघडते?

'ध्रुव' म्हणजे मुळात अढळ. त्यावरून अढळ तारा, मग पृथ्वीची टोके आणि पुढे चुंबकाची व विद्युतघटाची परस्परविरुद्ध टोके असा या शब्दाचा प्रवास झाला, आणि येथे अभिप्रेत आहे ती ही शेवटची छटा. निलयाच्या स्नायूतील पेशी विश्रांत असताना तिची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्टने ऋण असते, म्हणजे पेशीपटलाच्या दोन बाजू जणू घटाचे दोन ध्रुवच. उद्दीपन पोहोचताच सोडियमचे धनभारित कण (आयन) आत शिरतात आणि हा भेद मोडतो, हेच विध्रुवण. तेव्हा हा 'वि' 'विफल', 'विरूप' यांतला आहे, 'विख्यात'मधला नव्हे. काटेकोरपणे पाहिले तर शब्द तोकडाच पडतो, कारण भेद शून्यावर थांबत नाही, काही काळ आतली बाजूच धन होते. पण हा उणेपणा डीपोलरायझेशन या मूळ संज्ञेतही असल्याने त्याचे खापर मराठीवर फोडू नये. 'विध्रुवीकरण' हेही रूप चालते, तथापि 'मतांचे ध्रुवीकरण' कानात इतके बसले आहे की शरीराच्या संदर्भात मला आखूड रूपच बरे वाटते.

आता आकुंचनाविषयी. विध्रुवण ही विद्युत घटना आहे आणि आकुंचन ही यांत्रिक. पहिलीमुळे दुसरी घडते आणि मधला दुवा कॅल्शियमचा असतो. आलेखाचा कागद बहुधा सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे त्यावरचा एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा होतो. ज्या उंच टोकावर बोट ठेवून आपण 'हा ठोका' म्हणतो, तो क्यूआरएस, म्हणजे निलयांच्या विध्रुवणाची आलेखावरील खूण, निरोगी हृदयात अशा तीन चौकोनांच्या आत आटोपतो, आणि तो सुरू झाल्यावर किंचित उशिराने निलय आकसू लागतात. बोलताना त्याला ठोका म्हणायला हरकत नाही, परंतु लेखनात 'क्यूआरएस म्हणजे निलयांचे आकुंचन' असे लिहिणे चूक आहे, कारण आलेखावर लाटा उमटत असूनही नाडी हाताला लागत नाही, अशी गंभीर अवस्था वैद्यकाला परिचित आहे, आणि वरील व्याख्या मान्य केली तर तिचे वर्णनच करता येणार नाही.

हाच न्याय क्यूआरएसनंतर उमटणाऱ्या टी लाटेलाही लागू होतो. पोटॅशियमचे आयन बाहेर पडून आतली बाजू पुन्हा ऋण होते, त्याची ती खूण आहे, म्हणून तिला 'पुनर्ध्रुवण' म्हणावे, 'शिथिलन' म्हणू नये. निलय सैल पडू लागतात ते साधारणतः ती लाट संपता संपता.