कांदा अनुदान नाकारलं, कारण सातबाऱ्यावर पेराच नाही

येवला तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये बाजार समितीत १४० क्विंटल लाल कांदा विकला. विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) स्वतःच्या नावावर, सातबारा वडिलांच्या. क्विंटलमागे ३५० रुपयांच्या अनुदानासाठी मुदतीत अर्ज केला, पण यादीत नाव आलं नाही. "पट्टी आणि सातबारा जुळत नाही," असं तोंडी सांगितलं गेलं. तेव्हापासून ते निवेदनं देत आहेत. आता कोर्टात जाता येईल का? अशाच तक्रारी घेऊन बरेच जण येतात, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी.

भाऊ, बाप-लेकाच्या नावाचा घोळ २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानेच मिटवला आहे. सहमतीचं शपथपत्र द्यायचं, सातबारा ज्यांचा त्यांच्या खात्यात पैसे जमा होतात. शपथपत्र तुम्ही दिलंय. पण त्याच कलमात दुसरी अट आहे: सातबाऱ्यावर पीक पाहणीची, म्हणजे त्या हंगामात शेतात कोणतं पीक होतं याची, नोंद हवी. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यावर त्या हंगामाचा रकाना कोरा आहे. सगळं इथे अडलंय. ही नोंद करायचं ई-पीक पाहणी ॲप चालत नव्हतं हे मी मान्य करतो, कित्येकांचं चालत नव्हतं. पण त्याच वेळी तलाठ्याकडे एक लेखी अर्ज दिला असता, तर आज हातात पुरावा असता.

पुढे शासनाने ही अट सैल केली. ज्यांच्या उताऱ्यावर नोंद नाही, त्यांच्यासाठी तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या समितीने खातरजमा करून अहवाल द्यायचा होता. तुमचा अहवाल झाला का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि निकाल त्यावरच ठरेल. अहवाल अनुकूल असूनही वगळलं असेल, तर बाजू भक्कम आहे. अनुदान हा जन्मसिद्ध हक्क नसला, तरी योजनेच्या निकषांत बसणाऱ्याला मनमानीने डावलता येत नाही. अहवाल नाही, पण पाहणीची लेखी मागणी केली होती, तर प्रयत्न करता येईल. खात्री देत नाही. दोन्ही नसेल, तर ४९,००० रुपयांसाठी उच्च न्यायालयात मुंबईच्या वाऱ्या करा, असं मी सांगणार नाही.

म्हणून आधी माहिती अधिकारात अर्ज टाका: तलाठी कार्यालयात समितीच्या अहवालासाठी, आणि तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे अपात्र यादी व त्यातल्या कारणांसाठी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर लगेच पहिलं अपील करा.

निवेदनं मात्र आता थांबवा. निवेदनामागून निवेदन दिल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. रिट याचिकेला, म्हणजे शासनाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जाला, ठरावीक मुदत नसली, तरी उशिराचं कारण विचारलं जातं, आणि "साहेब म्हणाले पुढच्या महिन्यात या" हे कारण कोर्टात टिकत नाही. तोंडी नकार देऊन शेतकऱ्याला वर्षानुवर्षं झुलवायचं आणि मग उशिराचा आक्षेपही सरकारनेच घ्यायचा, याची मला मनस्वी चीड येते. पण आक्षेप येणार हे धरूनच चाला.

शिवारात व्यापाऱ्याला पट्टीशिवाय दिलेला माल अनुदानाच्या मागणीत धरू नका.

याचिका करायची ठरलीच, तर वडिलांनाही याचिकाकर्ते करा. पैसे त्यांच्या खात्यात जायचे आहेत. तुम्ही एकट्याने मागितले तर पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवलं जाईल.