करवली कोण होणार?

*मावशी, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावची, वय 25. माझी आणि तिची मैत्री अंगणवाडीपासूनची. अमरावतीला तीन वर्षं एका खोलीवर राहून शिकलो. तिथे एका रात्री लॅपटॉपवर ‘ब्राइड वॉर्स’ पाहिला, खालची इंग्रजी अक्षरं अडखळत वाचत. तेव्हापासून ती लिव्ह आणि मी एमा. एकमेकींच्या लग्नात करवली व्हायचं हेही त्याच रात्री ठरलं. माझं लग्न अक्षय तृतीयेला धरायचं चाललंय हे मी तिला साक्षगंधाआधीच सांगितलं होतं, तरी तिच्या घरच्यांनी तोच दिवस पक्का केला. गावात समाजमंदिर एकच, बिछायत केंद्र एकच, आचारी एकच. तिन्ही तिच्या वडिलांनी संध्याकाळसाठी सांगून ठेवले. वर तिने मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं, ‘एमाचे दात दिसले शेवटी.’ बारा दिवस झाले, बोलणं बंद आहे. सिनेमात चूक लिव्हचीच होती ना? आणि बाबांना तारीख बदलायला सांगू का? – एक एमा*

पोरी, तुझं पत्र पाच पानांचं आहे. इथे जागेपुरतं छापलं. पण मी पाचही पानं दोनदा वाचली आणि एक गोष्ट मोजली. तारखेबद्दल तू सात ओळी लिहिल्यास. बाकी सगळी पानं अमरावतीच्या खोलीची आहेत. खिडकीजवळची खाट तिने घेतली. तिच्या वह्या तू उतरवून दिल्यास. तिला ताप आला तेव्हा तू प्रॅक्टिकल बुडवलंस आणि तुला कावीळ झाली तेव्हा ती गावच्या यात्रेला निघून गेली. हे तू तिला कधी बोलली होतीस का? पत्रात कुठे दिसत नाही.

ज्या वाचकांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 2009 सालचा, गॅरी विनिक यांनी दिग्दर्शित केलेला. केट हडसन ही लिव्ह, वकील. अ‍ॅन हॅथवे ही एमा, शिक्षिका. लहानपणी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात एक लग्न पाहिल्यापासून दोघींचं स्वप्न एकच, आपलंही लग्न जून महिन्यात तिथेच. पुढे दोघींची लग्नं ठरतात, प्लाझातल्या तारखाही मिळतात आणि लग्नसोहळ्यांची आखणी करून देणाऱ्या बाईंच्या कचेरीतल्या चुकीने दोघींची नावं 6 जूनलाच लागतात. मागे कोणी हटत नाही. मग एमा लिव्हला चोरून गोडधोड पाठवते, म्हणजे ती पोशाखात मावू नये. लिव्ह एमाचा रंग बिघडवते आणि ती संत्र्यासारखी नारिंगी होते. त्यावर लिव्हचे केस निळे.

तू विचारतेस, चूक लिव्हचीच ना. सिनेमा पाहून बहुतेक मुली हेच म्हणतात, कारण लिव्हचा आवाज मोठा आहे. ती हुकूम सोडते, सगळं तिला तिच्याच पद्धतीने हवं असतं. पण तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले, हे विसरू नको. ज्या पोरीला रडायला मांडी उरली नाही ती ‘मला कोणाची गरज नाही’ असं दाखवत मोठी होते, आणि ते दाखवणंच पुढे तिचा स्वभाव होऊन बसतं. आपल्या गावात अशा कितीतरी पाहिल्या मी. बाप गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळणारी, वावराच्या धुऱ्यावरून चुलत्याशी भांडणारी. गाव तिला तोंडाळ म्हणतं. तिला कोणी विचारत नाही की बाई, तू जेवलीस का?

एमाबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. एमा गोड आहे, सगळ्यांना हवीशी वाटते. शाळेतली तिची सहकारी डेब आपली कामं तिच्या गळ्यात घालते आणि एमा ती मुकाट करते. लिव्हपुढेही वर्षानुवर्षं तेच. हे प्रेमापोटी चाललंय असं तिला वाटतं. पण जो माणूस प्रत्येक वेळी मागे सरतो तो आतल्या आत हिशेब ठेवत असतो. समोरच्याला त्या वहीचा पत्ताच नसतो, आणि एक दिवस सगळी थकबाकी व्याजासकट एकदम मागितली जाते. लिव्ह चक्रावते ती त्यामुळे. तिच्या लेखी एमा कालपर्यंत खुशीतच होती!

म्हणून त्या सिनेमात मला तारखेची चूक मोठी वाटतच नाही. ती कचेरीतल्या एका बाईची चूक. खरी चूक दोघींनी मिळून वीस वर्षं केली, एकीने विचारलं नाही आणि दुसरीने सांगितलं नाही.

आता तुमच्या तारखेचं बघू. तुमच्याकडे तर कोणाची चूकही नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, त्यात लग्नं नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पण तेव्हा कास्तकाराचं घर कापसात बुडालेलं असतं. वेचणी, मग तूर, मग हरभरा. त्यात पौष कोरा जातो. कापसाचे चुकारे हातात येऊन उसनंपासनं फिटेपर्यंत फाल्गुन उजाडतो, आणि मृगाच्या आधी पेरणीची तयारी म्हणजे जूनला हात मोकळे नाहीत. उरले किती दिवस? त्यातही अक्षय तृतीया म्हणजे साडेतीन मुहूर्तांपैकी एक, पंचांग उघडायला नको, पत्रिका अडत नाही. दोन्ही बापांना एकच दिवस सुचला यात नवल काय! तिच्या वडिलांनी तुझा दिवस हिसकला असं मला तरी दिसत नाही. तू तिला सांगितलं होतंस हे खरं, पण ते घरात बापासमोर बोलायची तिच्यात ताकद होती का, हे तुझं तुलाच ठाऊक. आपल्याकडे मुलीला तारीख विचारतात कुठे, कळवतात.

पाचव्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत तू एक वाक्य लिहिलंस आणि पुढे सरकलीस. दारव्ह्याच्या मेंदीवालीला तिने आधी सांगून ठेवलं होतं. तू पाचशे रुपये जास्त देऊन तिला आपल्याकडे वळवलंस. पोरी, गोड खाऊचा डबा पाठवणारी एमा ती हीच. ‘दात दिसले’ हे ग्रुपवर लिहिणं तिचं चुकलंच. चार जणींत पाणउतारा करायला नको होता. पण ते वाक्य हवेतून आलेलं नाही.

मी यावर एवढं का लिहितेय तेही सांगते. माझी एक मैत्रीण होती, शाळेत एका पाटीवर लिहायचो आम्ही. तिच्या लग्नात माझ्या आईला पंगतीत नीट बसवलं नाही, असं मला वाटलं. मी आहेर परत पाठवला. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. बसस्टँडवर समोरासमोर आलो तरी मी मान वळवून उभी राहायची. नऊ वर्षांनी कळलं की त्या दिवशी मांडवात तिच्या आजीला भोवळ आली होती आणि घरची सगळी माणसं आत धावली होती. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी नव्हते. माझे वडील गेले तेव्हा ती नव्हती. ती नऊ वर्षं कोणी भरून देत नाही.

बाबांना तारीख बदलायला सांगू नको. सांगशील तर पुन्हा एमाच होशील, आणि ही तारीख त्या वहीत पहिल्या पानावर जाऊन बसेल. पण तारीख तीच राहिली तर करवलीचं काय? मला तर सगळ्या पत्रात तेच दुखणं दिसलं. मंगलाष्टकं चालू असताना तुझ्या पाठीशी कऱ्हा घेऊन ती नसेल आणि तिच्या पाठीशी तू नसशील. सिनेमातही बघ, करवलीच्या जागी एमाच्या शेजारी कोण येऊन उभी राहते? तीच डेब.

प्लाझात हा पेच सुटणारा नव्हता, तिथे वेळ विकत घ्यावी लागते. गावात सुटतो. अक्षय तृतीयेला अख्खा दिवस शुभ. तू सकाळी लग्न लाव. तिचं संध्याकाळचं ठरलंय, ते राहू दे, ते जिंकण्याची गरज तिला तुझ्यापेक्षा जास्त आहे. शिवाय सगळ्या गावाला दोन्हीकडचं आवतन असणार, तेही चूलबंद. एकाच वेळी दोन मांडवांत गाव जेवणार कसं? सकाळी नऊ-दहाला तुझं लागलं तर ऊन चढायच्या आत पंगती उठतील. एप्रिल-मेच्या दुपारी बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये वऱ्हाड ताटकळत ठेवणं हे पाप आहे, मी दरवर्षी ओरडते. दोन्ही बापांना एका बाजेवर बसवा. मांडव एक, बिछायत एक, आचारी एक, खर्च अर्धा-अर्धा. आलू-वांग्याची भाजी सकाळी रांधली काय नि संध्याकाळी, कढई तीच. गेल्या हंगामातला कापसाचा भाव दोघांनीही भोगलाय, वाचणाऱ्या पैशाला कोणी नाही म्हणणार नाही.

यात एक अडचण आहे आणि ती मी मुद्दाम तुझ्या वाट्याला ठेवतेय. सकाळी लग्न लागलं की दुपारी पाठवणी. नवरदेवाकडचे घाई करतील, गाड्या उभ्या असतील. तुला तिची करवली व्हायचं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल, आणि ते तुला मागावं लागेल. आईने नाही, मामाने नाही, तू. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला आजच फोन कर आणि सांग की माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत मी निघणार नाही, जानोसा संध्याकाळपर्यंत राहू द्या.

तो काय म्हणतो ते नीट ऐक. सिनेमातला फ्लेचर आठवतोय ना, एमाचा होणारा नवरा? त्याला मऊ, ऐकणारी एमा हवी होती. ती बदलायला लागली, तोंड उघडायला लागली, तसा तो नाराज होत गेला. शेवटी भर मांडवात ती त्याला सांगते की दहा वर्षांपूर्वीची ती मुलगी मी आता राहिले नाही, आणि लग्न मोडतं. मला सिनेमातलं सगळ्यात खरं पात्र फ्लेचर वाटतं, कारण तो वाईट माणूस नाही. मारत नाही, फसवत नाही. त्याला फक्त ‘नाही’ ऐकायची सवय नाही. असे नवरे आपल्याकडे ‘चांगला मुलगा’ म्हणून स्थळात येतात. लिव्हच्या डॅनियलबद्दल लिहायला फार नाही. तो तिच्या बाजूने उभा राहतो, एवढं पुरे. तुझा कोणासारखा आहे हे एका फोनवर पूर्ण कळणार नाही, पण थोडं कळेल. ‘बघतो, आईला विचारतो’ म्हणाला तर घाबरू नको, विचारू दे. ‘मैत्रिणीसाठी वरात थांबवतात का कधी?’ म्हणाला तर तिथे गप्प बसू नको. लग्नाला अजून वेळ आहे.

आता तिच्याकडे कसं जायचं ते. सिनेमात दोघी लग्नाच्या कपड्यांत जमिनीवर लोळून भांडतात तेव्हा कुठे समेट होतो. तुम्ही तेवढी वाट पाहू नका. दिवेलागणीला तिच्या घरी जा, ती एकटी सापडेल अशा वेळी. पहिलं वाक्य मेंदीचं असू दे, ‘मी पाचशे जास्त दिले, चुकलं माझं.’ मग कावीळ. फक्त कावीळ. खाट, वह्या, प्रॅक्टिकल यातलं काही काढू नको, सगळं एकदम ओतलंस तर ती पुन्हा वकील होईल. म्हण, ‘मी खोलीवर एकटी पडले होते आणि तू यात्रेला गेलीस, ते मला अजून टोचतं.’ मग थांब. ती रडेल, चिडेल, किंवा ‘काहून बोलली नाहीस तेव्हा?’ विचारेल. त्या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून जाऊ नको. तिच्यासमोर जे येईल ते सांग.

मेंदीवालीला सांगून ठेव की आदल्या रात्री एकाच ओसरीवर चार हात काढायचे आहेत. जास्तीचे पाचशे तिला राहू देत, काम दुप्पट आहे. आणि मैत्रिणीकडे जाशील तेव्हा मोबाइल घरी ठेवून जा.

– मावशी