स्पीडवेच्या जुन्या पत्रिकांवरील पेन्सिलीचे आकडे पुसू नका

आपण विचारले आहे की, इंग्लंडमध्ये राहिलेल्या आपल्या मामांच्या घरी स्पीडवे, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरील मोटारसायकलींच्या शर्यतींच्या, छापील पत्रिकांची (त्या दिवशीच्या शर्यतींचा कार्यक्रम असलेल्या पुस्तिकांची) एक पेटी सापडली आहे, बहुतेक पत्रिकांवर पेन्सिलीने आकडे लिहिलेले आहेत, तर या खेळाचा इतिहास काय, या वारशाला काही मोल आहे का, आणि आकडे पुसून पत्रिका स्वच्छ कराव्यात का. शेवटचा प्रश्न वाचून मी उत्तर लिहायला बसले. कृपया काहीही पुसू नका. खोडरबर त्या पेटीच्या जवळसुद्धा नेऊ नका.

मी १९७६ च्या फेब्रुवारीत लग्न होऊन मँचेस्टरच्या गॉर्टन भागात राहायला आले. यजमान एका इस्पितळात नोकरीला होते आणि शनिवारी संध्याकाळी त्यांची हमखास पाळी असे. उन्हाळा सुरू झाला, तशी दर शनिवारी हाइड रोडच्या दिशेने इंजिनांची घरघर ऐकू येऊ लागली आणि तिच्यामागोमाग एक गोडसर, जळका वास येऊ लागला. शेजारी एक वयस्कर विधुर गृहस्थ राहत. आमच्या मुलांनी पुढे त्यांना आजोबाच म्हणायला सुरुवात केली, म्हणून मीही येथे तेच म्हणते. तो वास मिथेनॉलवर चालणाऱ्या मोटारसायकलींत घातलेल्या एरंडेलाचा, हे त्यांनी मला कुंपणापलीकडून सांगितले आणि पुढच्या शनिवारी मला बरोबर घेऊन गेले. बेल व्ह्यू या स्पीडवे संघाचे हाइड रोडवरील मैदान प्राणिसंग्रहालयाच्या आणि जत्रेच्या आवाराला लागून होते. आजोबा १९२९ साली, म्हणजे हाइड रोडला शर्यती सुरू झाल्या त्याच वर्षी, बारा वर्षांचे असताना वडिलांचे बोट धरून तेथे प्रथम गेले होते. तेव्हापासून आजारपण सोडले तर त्यांनी शनिवार चुकवला नव्हता, आणि युद्धाच्या काळातही बेल व्ह्यूच्या शर्यती चालू राहिल्यामुळे तो नेम मोडला नव्हता.

दारात त्यांनी दोन पत्रिका विकत घेतल्या, एक माझ्या हातात दिली आणि खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून दिला. मधल्या दोन पानांवर तेरा शर्यतींचे कोष्टक छापलेले होते. प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार, चार फेऱ्या, ब्रेक नसलेल्या आणि एकच गिअर असलेल्या ५०० सीसीच्या गाड्या, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एका शर्यतीचे सहा, तेरांचे अठ्ठ्याहत्तर. रात्रीच्या शेवटी दोन्ही संघांची बेरीज अठ्ठ्याहत्तर आली नाही, तर आपण कोठेतरी चुकलो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले. मी मराठी शाळेत शिकलेली, घाईत आकडे लिहायचे म्हणजे हात आपोआप देवनागरीतच वळे. त्यांनी माझी पत्रिका पाहिली, एकेका आकड्याचा अर्थ विचारून घेतला आणि स्वतः बेरीज करून पाहिली. ती बरोबर होती. १९८७ पर्यंतच्या माझ्या सगळ्या पत्रिका अशा देवनागरी आकड्यांनी भरलेल्या आहेत. त्या स्टँडवर माझ्याभोवती पेन्सिली घेऊन बसलेल्या बायका पुष्कळ असत. फे टेलरसारखी निष्णात स्वार घडवणाऱ्या या खेळाने १९३० साली स्त्रियांना ट्रॅकवर बंदी केली, पण त्यांच्या पेन्सिली कोणी बंद करू शकले नाही.

आपण इतिहास विचारलात, म्हणून थोडे सांगते. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधील वेस्ट मेटलंड येथे, जॉनी हॉस्किन्स यांनी १९२३ साली भरवलेल्या शर्यतींपासून हा प्रकार नावारूपाला आला. ब्रिटनमधला आरंभ १९ फेब्रुवारी १९२८ या दिवशी एपिंगच्या जंगलात, हाय बीच येथील किंग्ज ओक या पबच्या मागच्या ट्रॅकवर झाला, असे सर्वत्र छापले जाते. त्या दिवशीच्या गर्दीचे अंदाज तीस हजारांपर्यंत जातात. पण आमच्या मँचेस्टरजवळ ड्रॉयल्सडेनला जून १९२७ मध्येच शर्यती झाल्या होत्या, आणि त्याच्याही आधी मे महिन्यात सरेमधील कॅम्बर्ली येथे झाल्या होत्या. हाय बीचला मान मिळाला तो ऑस्ट्रेलियन पद्धतीमुळे आणि गर्दीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे हा खेळ बघता बघता ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर पसरला. १९३६ साली वेम्बलीला पहिली जागतिक अजिंक्यपदाची अंतिम फेरी झाली आणि लायनेल व्हॅन प्राग हा ऑस्ट्रेलियन जिंकला. युद्धानंतर काही वर्षे प्रचंड गर्दी, मग जबर करमणूक कर आणि दूरदर्शन यांच्यामुळे ओहोटी, १९६५ साली नव्या ब्रिटिश लीगमुळे पुन्हा भरती, आणि १९८१ साली वेम्बलीतील शेवटची अंतिम फेरी, जी अमेरिकेच्या ब्रूस पेनहॉलने नव्वद हजारांहून अधिक लोकांसमोर जिंकली.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्पीडवेच्या संघांकडे स्वतःच्या मालकीची मैदाने फारच क्वचित होती. जमीन दुसऱ्याची, तिचा भाव वाढला की खेळ बाहेर. हाइड रोडचे मैदान १९८७ मध्ये गेले आणि तेथे मोटारींचा लिलाव होऊ लागला. हॅकनी विकच्या जागेवर २०१२ च्या ऑलिम्पिकचे प्रसारण केंद्र उभे राहिले, विम्बल्डनला फुटबॉलचे मैदान आणि सदनिका झाल्या, आणि कॉव्हेंट्रीच्या ब्रँडन मैदानावर १९२८ पासून चालत आलेल्या शर्यती २०१६ नंतर बंद पडल्या. किल्ल्याचा निदान बुरूज तरी उरतो. येथे सैल चुरीचा लंबगोल ट्रॅक एका आठवड्यात उकरला जातो आणि मागे काही राहत नाही. मग उरतात ते बिल्ले, स्वारांची अंगावरची रंगीत जाकिटे, काही मोटारसायकली आणि कागद. मोटारसायकलींची काळजी घेणारे लोक आहेत. हर्टफर्डशरमध्ये ब्रॉक्सबर्न येथील प्राणिउद्यानाच्या आवारात चाहत्यांच्या मदतीने स्पीडवेचे संग्रहालयही उभारले गेले. कागदाच्या बाबतीत मात्र फार चुकीच्या समजुती आहेत.

आजोबा १९९४ च्या नोव्हेंबरात गेले. त्यांच्या दूरच्या नातेवाइकांनी घर रिकामे करायला माणसे लावली. दुपारी मी कामावरून परतले, तेव्हा दारासमोर कचऱ्याचा लोखंडी कंटेनर उभा होता आणि त्यात पलंगाच्या फळ्यांखाली, पावसात, पत्रिकांचे गठ्ठे पडलेले होते. त्या माणसांना विचारून मी आणि माझ्या थोरल्या मुलाने कंटेनरमध्ये उतरून जेवढ्या निघाल्या तेवढ्या काढल्या. युद्धापूर्वीच्या पत्रिका आजोबांच्या आईने युद्धकाळात रद्दी गोळा करणाऱ्यांना देऊन टाकल्या होत्या, त्यामुळे १९४६ पासूनच्याच होत्या. सुमारे सहाशे निघाल्या. महिनाभर आमच्या घरात दोऱ्यांवर कपड्यांऐवजी पत्रिका वाळत होत्या.

माझ्या एकटीच्या घरात त्या सुरक्षित नाहीत, असे वाटून १९९६ साली मी त्या एका सार्वजनिक अभिलेखागारात घेऊन गेले. तेथील अधिकाऱ्यांनी दहा-पंधरा पत्रिका उलटून पाहिल्या आणि म्हणाले, या लिहून खराब केलेल्या आहेत, आम्हाला स्वच्छ प्रती हव्यात. मी समजावू लागले, तेव्हा त्यांनी टेबलावरचा खोडरबर उचलला आणि हे काढताही येईल, असे म्हणत १९५२ च्या एका पत्रिकेचा कोपरा घासून दाखवला. तीन शर्यतींचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत गेले. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक पत्रिका बाजूला काढली. तिच्यावर पेन्सिलीची एकही रेघ नव्हती. ही एक आम्ही ठेवून घेऊ, ही उत्तम स्थितीत आहे, असे ते म्हणाले.

ती १९६३ च्या शरद ऋतूतील एका शनिवारची पत्रिका होती. त्या वर्षी २० सप्टेंबरला एडिंबरोच्या ट्रॅकवर पुढे पडलेल्या स्वाराला वाचवण्यासाठी पीटर क्रेव्हनने गाडी वळवली, तो कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. लिव्हरपूलचा हा लहानखुरा स्वार १९५५ आणि १९६२ अशी दोन जागतिक अजिंक्यपदे जिंकलेला, बेल व्ह्यूचा मानबिंदू, वय अवघे एकोणतीस. आजोबांनी मला ही हकिकत १९७६ च्या सप्टेंबरात आमच्या स्वयंपाकघरात सांगितली. पोलंडमध्ये पीटर कॉलिन्स जगज्जेता झाल्याची बातमी असलेले वर्तमानपत्र त्यांच्या हातात होते. क्रेव्हनच्या १९६२ च्या विजयानंतर चौदा वर्षांनी एक इंग्रज जिंकला होता, आणि तोही बेल व्ह्यूचाच. क्रेव्हन गेल्यानंतरच्या शनिवारी आपण मैदानावर गेलो, पत्रिका घेतली, पण पेन्सिल काढवली नाही, असे ते म्हणाले होते. सहाशे पत्रिकांत तेवढी एकच कोरी होती, आणि ती कोरी का आहे हे इतर सगळ्या भरलेल्या होत्या म्हणूनच कळत होते.

मी ती पत्रिका त्या अधिकाऱ्यांच्या हातातून परत घेतली आणि सगळे गठ्ठे घरी आणले. तेव्हा मला नेमके शब्द सुचले नाहीत, म्हणून आज येथे मांडते. पत्रिका शर्यतीच्या आधी छापली जाते. तिच्यावर छापलेला स्वार त्या रात्री धावलाच असेल, असे मुळीच नाही. कोणी जखमी असे, कोणी बोटीने वेळेवर पोहोचत नसे, कोणाऐवजी राखीव स्वार उतरे. पडला त्याच्यापुढे आजोबा ‘एफ’ लिहीत, इंजिन बंद पडले तर ‘ईएफ’, सुरुवातीच्या रेषेवर आडव्या ताणलेल्या फितीला धक्का लावून बाद झाला तर ‘टी’. शेजारी विजेत्याची वेळ, आणि समासात पाऊस, धूळ, ट्रॅक जड की हलका. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पुष्कळदा केवळ दोन संघांची बेरीज येई. छापील पत्रिका आयोजकांनी काय ठरवले होते एवढेच सांगते, प्रत्यक्षात काय घडले हे पेन्सिल सांगते. कोऱ्या प्रतीला बाजारात जास्त पैसे मिळतात हे खरे आहे, आणि संग्राहकांची ही आवड मला साफ चुकीची वाटते. मैदाने नाहीशी झालेल्या खेळात प्रेक्षकाने जागेवर बसून केलेली नोंद हाच पहिल्या दर्जाचा पुरावा आहे.

आता आपल्या पेटीविषयी. पत्रिका ज्या क्रमाने सापडल्या, त्याच क्रमाने ठेवा आणि संघांनुसार वेगळ्या करण्याआधी तो क्रम लिहून घ्या. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढा, चिकटपट्टी कधीही लावू नका, माळ्यावर किंवा ओलसर भिंतीजवळ ठेवू नका. बुरशी आलेल्या प्रती बाकीच्यांपासून दूर करा. मधल्या पानांची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्या, म्हणजे पुसट पेन्सिलही वाचता येते. मामांचे हस्ताक्षर ओळखणारे कोणी हयात असेल, तर त्यांच्याकडून खुणांचे अर्थ आजच लिहून घ्या. मामांनी माझ्याप्रमाणे देवनागरी आकडे वापरले असतील, तर तसा कागद जोडाच, कारण आपला ‘१’ इंग्रजी वाचकाला नऊ वाटतो, आणि स्पीडवेत एका शर्यतीत नऊ गुण कोणालाच मिळत नाहीत.

पैशांत किती मोल येईल, याचे उत्तर माझ्याकडे नाही. मी एकही पत्रिका विकलेली नाही. दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पेन्सिलीची प्रत्येक नोंद बरोबरच असते, असे नाही. मी दोन हिवाळे बसून आजोबांचे निकाल वहीत उतरवले, तेव्हा काही रात्रींची बेरीज जुळली नाही, आणि स्थानिक सायंदैनिकाशी ताडून पाहिल्यावर चूक आजोबांचीच निघाली. तसेच सगळी अभिलेखागारे त्या अधिकाऱ्यांसारखी वागत असतील, असे मी म्हणत नाही. देण्यापूर्वी मात्र लिहिलेल्या प्रती आहेत तशा ठेवाल का, हे लेखी विचारून घ्या.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर २०१६ साली नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभे राहिले आणि बेल व्ह्यूचा संघ आता तेथे धावतो. आता शर्यती पंधरा असतात आणि बेरीज नव्वद यावी लागते. आपल्या पेटीत बेल व्ह्यूची १९६३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली एखादी पत्रिका असेल, तर तिची मधली पाने भरलेली आहेत का, ते मला अवश्य कळवा. त्या एका शनिवारचे तेरा निकाल आमच्याकडे नाहीत.