क्रूस, वधस्तंभ आणि देवाची प्रीती

प्रश्न असा आला आहे: "गुड फ्रायडेच्या बातमीत मी 'येशूला सुळावर चढवले' असं लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडून 'क्रूसावर' केलं. छापून आल्यावर एका ख्रिस्ती वाचकाचं पत्र आलं, 'वधस्तंभावर खिळले' असं हवं होतं. यातलं बरोबर कोणतं? आणि ही मंडळी 'देवाचं प्रेम' न म्हणता 'देवाची प्रीती' का म्हणतात? प्रीती तर आता जुन्या भावगीतांतच उरली आहे."

आधी सुळाचं पाहू, ते लवकर आटपतं. सूळ म्हणजे टोकदार खुंट. गुन्हेगाराला त्यावर चढवायचे आणि तो शरीरात घुसायचा. 'सुळावरची पोळी' म्हणजे जिवावरचं काम, ते या टोकामुळेच. येशूला झालेली रोमन शिक्षा वेगळी होती: उभा खांब, त्याला आडवं लाकूड, हातापायांत खिळे आणि सावकाश येणारं मरण. तेव्हा सूळ खोडला ते योग्यच झालं. वरिष्ठांच्या दुरुस्तीतही एक चूक आहे, तिच्याकडे नंतर येतो.

क्रूस हा पोर्तुगीज 'क्रूझ'चा मराठी अवतार. पाव, पगार, पाद्री, नाताळ हे शब्द ज्या गलबतांतून उतरले त्यांतूनच हाही उतरला. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, म्हणजे शब्दाला रुळायला दोनशे वर्षं मिळाली. 'क्रूर'शी त्याचं काही नातं नाही. क्रूर संस्कृतातला, क्रूस लॅटिनच्या घरचा. कोकणीत त्याचा खुरीस झाला. गोव्यातल्या बार्देशात एकदा मे महिन्यात संध्याकाळी वाड्यावरच्या खुरसापाशी लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, चाललेलं पाहिलं. चुना काढलेला ओटा, वर झेंडूची माळ, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या पुन्हापुन्हा लावणारी पोरं, आणि गाणं संपल्यावर सगळ्यांच्या हातावर उकडलेले चणे. मी ख्रिस्ती नाही हे कुणी विचारलंही नाही, चणे मिळाले. मुंबईच्या गावठाणांतही असे क्रूस आहेत, त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले. तिथे क्रूस हा वाड्यातला शेजारी आहे. त्याच्यापाशी थांबतात, नवस बोलतात, पावसात त्याच्यावर ताडपत्री घालतात. गळ्यातल्या साखळीत अडकवतात तो मात्र बहुतेकांच्या तोंडी आता 'क्रॉस'. आणि नामदेव जाधव किंवा यशवंत घाडगे या सैनिकांना मिळालं ते ब्रिटिश शौर्यपदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. त्याला क्रूस म्हणून पाहा, हसू येईल.

वधस्तंभ गळ्यात घालता येत नाही. या शब्दाचं बळ मला तिथेच दिसतं. मराठी प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलमध्ये हाच शब्द आहे, म्हणून अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालना, सोलापूरकडच्या चर्चमध्ये तो रोज कानावर पडतो. वसईचे कॅथलिक साधारणपणे क्रूस म्हणतात: उपवासकाळात 'क्रुसाची वाट' चालतात, चौदा स्थानांपाशी थांबतात. तुम्हाला पत्र लिहिणारे वाचक बहुधा पहिल्या परंपरेतले. बायबलचा नवा करार, म्हणजे येशूपासून पुढचा भाग, मूळ ग्रीकमध्ये आहे; तिथला शब्द 'स्तावरोस'. त्याचा जुना अर्थ नुसता उभा खांब, त्यामुळे 'स्तंभ' हा आडव्या-उभ्या आकृतीपेक्षा मुळाला जास्त धरून आहे. उलट 'आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे ये' हे येशूचं वाक्य वाचताना मराठी माणूस अडखळतो, कारण स्तंभ म्हटलं की पुरलेला दगडी खांब डोळ्यांपुढे येतो. तो उचलायचा कसा? रोमन पद्धतीत दंडित माणूस बहुधा आडवं लाकूड खांद्यावर घेऊन जाई, खांब जागेवर रोवलेलाच असे. 'ज्याने त्याने आपापला क्रूस वाहायचा' असं बिगरख्रिस्ती लेखकही सहज लिहून जातात; तिथे वधस्तंभ घालून पाहिला की वाक्य बसकण मारतं.

'वध' या शब्दाबद्दल मात्र माझी थोडी कुरकुर आहे. मराठीत कंसाचा वध होतो, अफझलखानाचा वध होतो. मेलेला त्या लायकीचाच होता, असं हा शब्द गुपचूप सांगून जातो; म्हणून तर 'गांधीवध' म्हटलं की कळत्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. मग निरपराध येशूच्या खांबाला वध कशाला? बरेच दिवस मला ही भाषांतरकारांची चूक वाटे. आता वाटत नाही. संस्कृतात 'वध्य' म्हणजे ज्याला देहदंड सुनावला आहे तो. वधस्तंभ हा सरकारी शब्द आहे, सरकारच्या बाजूने बोलणारा. क्रूसावरचं मरण रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचे, नागरिकांना सहसा नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देव त्या यादीत आपल्या पायांनी जाऊन उभा राहिला. लायकी नसलेल्यांच्या रांगेत. हे ज्याला सांगायचं आहे त्याला वध हा बोचरा शब्दच उपयोगी.

आणि खिळणे. अंथरुणाला खिळलेला, नजर खिळली, असे आपण रोज बोलतो आणि त्यातला खिळा विसरतो. 'वधस्तंभावर खिळले' म्हटलं की तो पुन्हा ठोकला जातो. 'चढवले'मध्ये खिळा नाही, घोड्यावरही चढवतात.

आता प्रीती. 'प्री' म्हणजे संतोषवणं. प्रिय, प्रेम, प्रीती ही तिन्ही त्याच धातूची लेकरं, तेव्हा व्युत्पत्तीत भांडण नाही. फरक वापरातून पडला. ग्रीक नव्या करारात प्रेमासाठी दोन क्रियापदं येतात, 'अगापाओ' आणि 'फिलेओ'. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, 'माझ्यावर प्रेम आहे का' असं दोनदा पहिलं वापरून विचारतो, पेत्र दर खेपेस दुसऱ्याने उत्तर देतो, आणि तिसऱ्यांदा येशूच त्याच्या शब्दावर उतरतो. ही दोन क्रियापदं एकाच अर्थाची, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. काही असो, मराठीत प्रीती आणि प्रेम अशी जोडी हाताशी असल्याने हा शब्दबदल दाखवता तरी येतो. इंग्रजीत दोन्हींकडे 'लव्ह'च येतं. चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून जेवायचं ते प्रीतिभोजन. कऱ्हाडला कृष्णा-कोयना मिळतात तो प्रीतिसंगम. म्हणजे भावगीतांबाहेरही हा शब्द जिवंत आहे, फक्त समासात दडून. (समासात 'ति' ऱ्हस्व, सुटा असताना 'ती' दीर्घ.)

वाचकांना सगळ्यात ओळखीचं असेल ते योहान ३:१६, "देवाने जगावर एवढी प्रीती केली की, त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला". 'एकुलता एक' ऐकल्यावर मराठी कानाला आणखी काही समजवावं लागत नाही. घराघरांतला शब्द आहे. माझं लक्ष 'एवढी'कडे जातं. मूळ ग्रीक 'हूतोस'चा सरळ अर्थ 'अशा रीतीने'. म्हणजे देवाची माया किती मोठी याचं माप तिथे मुख्यतः नाही, ती कशी वागली ते सांगितलं आहे: दिला. 'अशी प्रीती केली की' म्हटलं असतं तर रीतही आली असती आणि मापही, कारण आपलं 'अशी' दोन्ही कामं करतं. 'असा पाऊस पडला की' म्हटल्यावर किती ते वेगळं सांगावं लागतं का?

असाच एक शब्द नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. देव आपल्या "प्रीतीचे प्रमाण" देतो, आणि ते हे की माणसं पापी असतानाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मेला. आजचा वाचक प्रमाण म्हणजे मात्रा समजतो, मिठाचं प्रमाण असतं तसं. इथे प्रमाण म्हणजे पुरावा, प्रमाणपत्रातलं. माणूस आधी सुधारो, मग बघू, असा हिशेब तिथे नाही. ख्रिस्ती माणूस क्रुसाकडे बघून 'देव प्रीती आहे' म्हणतो तो हा पुरावा समोर धरून. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं तेव्हा त्यांनी हीच गोष्ट वारकऱ्याच्या शब्दात आणली. विठोबा माउली, ज्ञानोबा माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला तीत परकं वाटण्यासारखं काही नव्हतं.

तुमच्या बातमीचं म्हणाल तर, वसईच्या मिरवणुकीची असेल तर क्रूस, नगरच्या उपासनेची असेल तर वधस्तंभ. ज्यांची बातमी त्यांचा शब्द. मथळ्यात जागा कमी पडते तेव्हा क्रूस सोयीचा. आणि वरिष्ठांची ती चूक: सूळ-सुळावर, सूप-सुपात, तसं क्रूस-क्रुसावर. प्रत्यय लागला की 'रु' ऱ्हस्व. वर एका जागी मीही घाईत 'क्रूसावरचं' लिहून गेलो आहे, ते तुमच्या वरिष्ठांना दाखवू नका.